निरोप डॉक्टरांना पोचेल

वहीचे पहिले पान मी कोरे सोडले होते. आज, २६ नोव्हेंबर १९६१ रोजी, त्यावर घडले तेवढेच लिहिते. पुढच्या नोंदी त्या त्या दिवशीच्या आहेत. त्यांत काही बदललेले नाही.

१. शनिवार, ११ नोव्हेंबर. दुपारी २ वाजून २० मिनिटांनी पनवेलला डॉ. आयझॅक चेऊलकर यांच्या घरी फोन आला.

२. फोन नेऱ्याच्या गणूचा होता. त्याची बायको रंभा बाळंतपणात अडली होती.

३. फोन माणसाने घेतला नाही. मी बनवलेल्या यंत्राने घेतला. यंत्रातला आवाज माझा.

४. साडेपाचच्या सुमारास रंभा गेली. पोटातले मूलही गेले.

५. साडेसहाला मला विचारण्यात आले, फोन आला होता का. मी नाही म्हटले.

६. सात वाजता मी ती टेप पुसली.

— मिल्का आवासकर

२३ ऑक्टोबर, सोमवार

पोचले. ठाण्यापासून एस.टी.त यंत्राची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. रस्ता खड्ड्यांचा, पण एकही व्हॉल्व्ह फुटला नाही. मी शकुन मानत नाही, तरी बरे वाटले. डॉक्टरकाकांच्या पत्नी बेलामावशींनी दारातच पेटी हातातून काढून घेतली आणि थेट जेवायला बसवले. तांदळाची भाकरी, पापलेटचे आंबट. इतके जेवण मी मुंबईत दोन दिवसांत जेवते.

डॉक्टरकाका माझ्या वडिलांचे शाळासोबती. वय पासष्ट. डावा कान गेला आहे, उजवा त्याच वाटेवर. फोनवरचे त्यांना नीट कळत नाही, आणि दोनदा विचारले की खेड्यातला माणूस घाबरून फोन ठेवून देतो. मुलगा इस्रायलला जाताना टेपरेकॉर्डर मागे ठेवून गेला. काकांच्या मनात असे की प्रत्येक फोन टेप व्हावा, म्हणजे मोठ्या आवाजात पुन्हा ऐकता येईल. तेवढ्यासाठी मी मुंबईच्या रेडिओ वर्कशॉपातून तीन महिन्यांची रजा काढून आले आहे.

दुसरी अडचण शनिवारची. शब्बाथला, म्हणजे आम्हा ज्यूंच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, या घरात विस्तव पेटत नाही आणि फोनला कोणी हात लावत नाही. जिवावरचे दुखणे असेल तर मात्र काका शब्बाथ मोडून निघतात. धर्मच तसे सांगतो. पण फोन उचलल्याशिवाय दुखणे कसे कळणार? म्हणून शनिवारी फोन घ्यायचा तो सखूबाईने. ती बेलपाड्याची, वीस वर्षे या घरात आहे. पडशा-खोकल्याचा फोन असला तर ती तिथल्या तिथे झापते. खरेच काही असले तर पदर खोचून काकांकडे धावते.

हे काम यंत्राने होण्यासारखे आहे.

२ नोव्हेंबर, गुरुवार

यंत्र तयार झाले. घंटी तीनदा वाजली की रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, लाइन उचलतो. एका रिळावर माझा निरोप आहे, तो अकरा सेकंदांचा. मग दुसरे रीळ दीड मिनिट पलीकडचे बोलणे टिपून घेते. शेवटी निरोपाचे अखेरचे वाक्य पुन्हा ऐकू येते आणि आणखी काही सेकंद टिपून लाइन सुटते. शेजारी स्पीकर ठेवला आहे. बोलणे चालू असतानाच ते खोलीत ऐकू येते, आणि महत्त्वाचे असेल तर कोणीही मध्येच फोन उचलू शकते. टेलिफोन खात्याची परवानगी घेतलेली नाही. काका म्हणाले, पाहू.

निरोप तीनदा टेप केला. पहिला बेलामावशींना आवडला नाही. म्हणाल्या, रेल्वे स्टेशनवरची बाई बोलते आहे असे वाटते, लोक घाबरतील. म्हणून शब्द बदलले. आता तो असा आहे : "डॉक्टर चेऊलकरांचे घर. बोला, मी ऐकते आहे. नाव, गाव आणि काम सांगा. निरोप डॉक्टरांना पोचेल."

सखूबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "पेटीला कान हायत, तोंड बी हाय. पाय कुटं हायत, बाय?" बेलामावशी खूप हसल्या. मीही हसले. सखूबाईला आता शनिवारची सुट्टी दिली आहे.

४ नोव्हेंबर, शनिवार

पहिला पूर्ण दिवस. सात फोन आले, सातही स्वच्छ टिपले गेले. मी दिवसभर स्पीकरपाशी बसून होते. एकीला औषधाची बाटली फुटल्याचे कळवायचे होते. एकाने नुसताच शंख केला. कोणतेही काम तातडीचे नव्हते. संध्याकाळी तीन तारे दिसून शब्बाथ संपल्यावर काकांनी सगळे फोन ऐकले, अगदी लहान मुलासारखे, दोन-दोनदा.

११ नोव्हेंबर, शनिवार

जसे झाले तसे लिहिते.

सकाळी चार फोन आले. चारही क्षुल्लक. दुपारी दोनला मी स्पीकर बंद केला आणि आतल्या खोलीत वाचत पडले. यंत्र व्यवस्थित चालत असताना त्याच्यापाशी राखण करत बसणे मला यंत्राचा अपमान वाटला. हेच कारण. दुसरे नाही.

साडेसहाला नेऱ्याहून भगवान सायकलवर आला. रंभाचा मोठा भाऊ. त्याच्या अंगावर घामाने धुळीचा चिखल झाला होता. बहीण गेली, म्हणाला. गणू गिरणीत जाऊन फोन करून आला, डॉक्टर निघालेत म्हणून सगळ्यांना ओट्यावर बसवून ठेवले, बैलगाडीसुद्धा जुंपू दिली नाही. काकांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, फोन आला होता का.

मी आत गेले. हेडफोन लावला.

मागे भातगिरणीच्या इंजिनाची पुकपुक. पुढे गणू, मोठ्याने, एकेक शब्द तोडून : "बाई, नेऱ्याचा गणू बोलतो. बायकोला कालधरनं कळा हायत. आता रगत थांबत नाय. गाडीत घालून आनू, का डॉक्टर येतील?" मग तो थांबला. उत्तराची वाट बघत होता. पुकपुक. पुकपुक. "बाई? आनू का येतील?" पुकपुक. आणि मग माझा आवाज, शांत, सुरेख : "निरोप डॉक्टरांना पोचेल."

"बरं बाई. मंग आमी वाट बघतो. लई उपकार."

मी बाहेर आले आणि म्हणाले, टेप कोरी आहे.

भगवान मान हलवत राहिला. म्हणाला, म्हणजे गेलाच नाय तो गिरणीवर. माझ्या बहिणीला मरू दिली आनि वर खोटं बोलला.

१२ नोव्हेंबर, रविवार

टेप काल सातला पुसली. नोंद असावी म्हणून लिहिते.

सखूबाई नेऱ्याहून जाऊन आली. सांगत होती, रंभाच्या माहेरचे लोक गणूशी बोलायला तयार नाहीत. त्याची चार वर्षांची मुलगी हौसा त्यांना हवी आहे. म्हणे, ज्याने बायकोसाठी फोन केला नाही तो पोर काय सांभाळणार. ३ डिसेंबरला गावकी बसेल आणि ठरवेल. गिरणीवाले दाजी तेव्हा इंजिनापाशी होते, त्यांनी गणूला पाहिले नाही; एक्सचेंजवर फोनांची नोंद राहत नाही.

गणूने फोन केला होता, हे सांगू शकणारे एकच माणूस आहे.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आज कोन गावाहून एका शिक्षकांचा फोन टिपला गेला. स्वच्छ. पण त्यांच्या बोलण्यामागे इंजिनाची पुकपुक आहे. शिक्षक शाळेतून बोलत होते.

कारण उघड आहे : पुसणारे हेड कमजोर आहे, जुने टिपलेले खाली उरले. हेड साफ केले. टेप तीनदा पुसली. ऐकली. पूर्ण शांत.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

मुंबईहून नवे रीळ मागवले होते, ते आले. सील माझ्या हाताने फोडले. पहिलाच फोन टिपला : औषधाच्या दुकानातून.

मागे पुकपुक. आणि दुकानदार बोलायचा थांबला त्या जागी, अगदी हळू, "आनू का येतील?"

कोऱ्या रिळावर पुसण्यासारखे काही नसते.

१८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सहापासून स्पीकरपाशी बसले. हललेच नाही. जेवण बेलामावशींनी तिथेच आणून दिले.

२ वाजून २० मिनिटे. घंटी. रिले उचलला. माझा निरोप अकरा सेकंद वाजला. पलीकडे कोणी बोलले नाही. श्वास ऐकू येत होता, तुटका, बाईचा. मी झडप घालून फोन उचलला. हॅलो म्हटले. माझे हॅलो लाइनवर गेलेच नाही. लाइनवर मीच बोलत होते, दुसरीकडून :

"डॉक्टर निघाले आहेत. वाट बघा."

हे वाक्य मी कधी टेप केलेले नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

कोनच्या शिक्षकांची म्हातारी आई दवाखान्यात आली. काकांवर चिडली. काल दुपारी फोन केला, तुमच्या बाईने सांगितले डॉक्टर निघाले, आम्ही दिवे लागेपर्यंत रस्त्याला डोळे लावून बसलो. नातू तापाने फणफणला होता. आज उतार आहे, देवाची कृपा.

टेप पाहिली. कालचा एकही फोन तिच्यावर नाही.

निरोपाचे रीळ पुन्हा मोजले. अकरा सेकंद. तेच शब्द.

यंत्राच्या आणि फोनच्या सगळ्या तारा उपटल्या. निरोपाचे रीळ कात्रीने कापून चुलीत घातले.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

एक्सचेंजवरच्या काशिरामला विचारून आले. तो म्हणाला, मिल्काताई, थट्टा करता काय, सकाळपासून नऊ फोन जोडून दिले तुमच्याकडे, नऊही तुम्हीच घेतलेत. मी म्हटले, फोनची तारच काढलेली आहे. तो हसला. तुमचा आवाज मी ओळखत नाही होय?

त्याच्या समोर बसून, त्याच्याच फोनवरून घरी लावला. उचलला गेला.

"बोला, मी ऐकते आहे. नाव, गाव आणि काम सांगा."

मी नाव सांगितले. गाव सांगितले. मग विचारले, ११ तारखेला नेऱ्याहून फोन आला होता का.

माझा आवाज जराही अडखळला नाही.

"टेप कोरी आहे."

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

नेऱ्याला गेले. आधीच जायला हवे होते, तेरा दिवस आधी. भगवान घरी नव्हता. गणू ओट्यावर. हौसा त्याच्या पाठीला चिकटून. मी सगळे सांगितले. तो रागावला नाही. रागावला असता तर—. फक्त म्हणाला, "तुमचा आवाज लई गोड वाटला बाई. मनलं, आता काळजी नाय."

मग ओट्यावर बसलेले गिरणीवाले दाजी उठले. म्हणाले, कालच तुमचा फोन आला होता गिरणीवर. भगवानशी बोललात. गावकीला येऊन सांगते म्हणालात की गणूने फोन केलाच नव्हता. दोनदा सांगितलेत. आज इथे येऊन उलटेच सांगता. खरे कोणते धरायचे, बाई?

मी म्हटले, समोर उभी आहे ती खरी.

दाजी म्हणाले, फोनवर जास्त ठाम होतात.

२५ नोव्हेंबर, शनिवार

काकांना सांगितले. मोठ्याने सांगावे लागले, प्रत्येक वाक्य दोनदा. ११ तारीख दोनदा. कोरी आहे, दोनदा.

ते उठले आणि शब्बाथ असून स्वतःच्या हाताने फोन उचलून मेजावर आडवा ठेवला. म्हणाले, त्या दिवशी मोडायचा होता. आज मोडून काय.

आडव्या फोनमधून मी बोलते आहे. त्यांना ऐकू येत नाही. मला येते.

२६ नोव्हेंबर, रविवार

श्री. भगवान, मु. नेरे, यांस—

हे पत्र सखूबाई तुमच्या हातात देईल. अक्षर माझे आहे. सही काकांसमोर करेन, त्यांचीही खाली असेल. तुमच्या मेहुण्याने ११ तारखेला २ वाजून २० मिनिटांनी फोन केला. रंभासाठी जे करायचे ते त्याने केले. गाडी जुंपली नाही ती माझ्या आवाजावर भरवसा ठेवून. खोटे मी बोलले. हौसाला त्याच्यापासून तोडू नका. ३ तारखेला मी गावकीपुढे उभी राहून हेच सांगेन, आणि तुम्ही जे म्हणाल ते ऐकून घेईन.

मला येऊ द्याल की नाही, एवढे गुरुवार, ३० नोव्हेंबरपर्यंत लिहून कळवा. सखूबाईकडे चिठ्ठी द्या. कृपा करून फोन करू नका. फोनवर मी काहीही कबूल केले, काहीही नाकारले, तरी ते—

बाहेरच्या खोलीत घंटी वाजते आहे. तार काढलेली आहे. तिसरी घंटी—उचलला. तुम्हीच आहात, भगवानभाऊ, तुमचा आवाज येतो आहे, ठेवा, फोन ठेवा, ती मी नाही, मी इथे लिहिते आहे, गुरुवारपर्यंत लिहूनच कळवा, लिहून, कारण ती आत्ता तुम्हाला सांगते आहे की मी