घडीव पिस्टन आणि डावा कान

३ फेब्रुवारी, सोमवार

पिस्टन अजून ठरत नाहीत! ब्लॉक महिनाभर मिस्त्रींच्या दुकानात पडून आहे. बोअरिंगवाले मिस्त्री ठाम — पिस्टन हातात आल्याशिवाय शेवटचा हात मारणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. पिस्टन मोजायचा आणि मग त्याच्या मापाने सिलिंडर घासायचा.

घडीव घ्यायचे हे नक्की. कंपनीचे ओतीव पिस्टन साध्या इंजिनाला ठीक, पण मला कॉम्प्रेशन साडेअकरा हवंय — जास्त दाब, जास्त ताकद. रोज वापरायच्या गाडीत साडेअकरा! कारखान्यात सगळे हसतात. हसू देत.

गाडीतलं जुनं इंजिन अजून चालतंय, हा ब्लॉक दुसऱ्या इंजिनाचा. रोजचं जाणं-येणं अडत नाही. सकाळी हिला शिकवायला शाळेत सोडायचं, पुढे कारखाना.

ही हल्ली गाडीत एक शब्द बोलत नाही. इंजिनापायी रुसली असावी.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर मोजमापं. दोन प्रकारच्या घडीव पिस्टनांत अडकलोय.

एक चिवट धातूचा. मार खातो, फुटत नाही. पण तापला की फुगतो, म्हणून थंड असताना भिंतीशी जागा जास्त सोडावी लागते — नव्वद मायक्रॉन. सकाळी गरम होईपर्यंत टकटक वाजतो म्हणे.

दुसऱ्यात सिलिकॉन जास्त. फुगतो कमी, पन्नास मायक्रॉनवर नीट बसतो, गप्प चालतो. पण पेट्रोल अवेळी पेटून इंजिन नॉकिंग करायला लागलं तर तडकू शकतो.

मी चिवट घेणार. टकटकीला काय घाबरायचं? सव्वीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसच्या शेजारी उभा आहे मी!

हिला सांगितलं. "तुम्हाला हवं ते करा," म्हणाली. स्वयंपाकघरातून. सूर काही चांगला नव्हता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मिस्त्रींचा फोन. "भाऊ, ऑर्डर देऊ नका. रविवारी या. कागदावर वाचून पिस्टन घेतात होय?"

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहू की नको?

मिस्त्रींच्या अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. गिऱ्हाइकांच्या, रात्रभर थंड पडलेल्या. एकीत चिवट पिस्टन, दुसरीत गप्प. त्यांनी आधी एक चालू केली.

"ऐका."

ऐकली. बंद केली. दुसरी चालू केली.

"आता?"

म्हटलं, "फरक काय आहे यात? दोन्ही सारख्याच. उगाच बोभाटा करतात लोक."

मिस्त्रींना वाटलं मी थट्टा करतोय. हसले. मग हसायचे थांबले. पहिली पुन्हा चालू केली, बॉनेट उघडलं. "भाऊ, कुणी दारावर खिळा ठोकतंय असा आवाज येतोय. नाही येत?"

नाही आला. घरघर आली, पंखा आला. खिळा नाही.

ते माझ्यामागे आले, खांद्याला धरून मला वळवलं. पोराला वळवतात तसं. उजवा कान इंजिनाकडे.

टक. टक. टक. बारीक, पण स्पष्ट.

पुन्हा डावा कान केला. गेला! उजवा — आला. तीनदा करून पाहिलं. मिस्त्रींनी गाडी बंद केली, फडक्याने हात पुसत राहिले. मग म्हणाले, "प्रेस तुमच्या कुठल्या बाजूला असते?"

डावीकडे.

चहाही न घेता निघालो. हिला काही सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अर्धी रजा टाकून कानाच्या डॉक्टर बाईंकडे. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातले. आवाज आला की बटण दाबा. उजव्या बाजूला दाबत होतो. डाव्या बाजूचे सुरूच झाले नाहीत असं वाटलं, म्हणून वाट पाहत बसलो. त्या काचेतून बघत होत्या. तेव्हा कळलं, ते कधीच सुरू झालेत.

डावा जवळपास गेला. उजवा बरा आहे, वरच्या पट्टीतलं थोडं गेलंय. गेलं ते परत येणार नाही. मशीन लावून थोडं भागेल. "घरी कुणाच्या लक्षात नाही आलं?"

म्हटलं, नाही.

१ मार्च, शनिवार

आठ दिवस पान कोरं. कारखान्यात कानात बोळे घालायला लागलो. सव्वीस वर्षांनी! पोरं म्हणतात, साहेब घाबरले.

२ मार्च, रविवार

आज हिला सांगितलं.

ही वह्या तपासत बसली होती. मी समोर बसलो, रिपोर्ट पुढे ठेवला. वाचला. लाल पेन टोपण लावून ठेवलं.

"डावा?"

"डावा."

हिने रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला. मग विचारलं, "म्हणजे गाडीत मी बसते ती बाजू?"

तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं!

म्हटलं, तू तर हल्ली गाडीत बोलतच नाहीस. ही माझ्याकडे बघत राहिली. "मी रोज बोलते," म्हणाली. "शाळेपर्यंत पंचवीस मिनिटं. रोज."

पहिल्यांदा राग यायचा म्हणे. विचारलेलं मी कानाआड करतो असं वाटायचं. मधूनच 'हं' म्हणायचो, बस्स. भांडणारही होती. मग सवय झाली. "उत्तर नाही, सल्ला नाही, वाद नाही. मन मोकळं करायला बरं वाटायला लागलं. मुख्याध्यापकांना काय काय बोललेय मी त्या गाडीत!" हसली आणि हसता हसता डोळे पुसले. मी तिचा हात धरला. पिस्टनसारखा मोजता आला असता तर बरं — कुठे किती जागा राहून गेली ते तरी कळलं असतं.

दोन वर्षं तरी झाली असतील, म्हणाली. दोन वर्षांची पंचवीस-पंचवीस मिनिटं!

९ मार्च, रविवार

पिस्टनकडे पुन्हा आलो. यायलाच हवं, ब्लॉक किती दिवस तिथे पडू देणार?

आता पेच वेगळा. साडेअकरा कॉम्प्रेशन म्हणजे वाईट पेट्रोल पडलं की नॉकिंग. ते कानाने धरायचं असतं. चढावर बारीक खणखणाट आला की पाय उचलायचा. मला तो येणार नाही. म्हणजे मला चिवटच हवा, मार खाणारा. पण चिवटाची टकटक. ती मला ऐकू येत नाही. हिला रोज ऐकावी लागेल.

मिस्त्रींना विचारलं. "भाऊ, तुम्ही शर्यतीला जाताय का?" नाही. "मग साडेअकरा कुणाला दाखवायचंय?"

राग आला. खरं बोलले म्हणून आला.

१० मार्च, सोमवार

हिला दोन्ही पिस्टनांची चित्रं दाखवली. सगळं समजावून सांगितलं, उजवा कान तिच्याकडे करून. तिने एकच विचारलं — "सकाळी गल्लीत सगळ्यांना उठवणार नाही असा कुठला?"

१३ मार्च, गुरुवार

ठरलं. सिलिकॉनवाले. कॉम्प्रेशन साडेदहा. पिस्टनचा माथा सपाट, वर उंचवटा नाही. नॉकिंग पकडायला ब्लॉकवर सेन्सर बसवायचा, डॅशबोर्डवर लाल दिवा. कान नाही तर डोळे.

एक आकडा सोडला फक्त. पण कारखान्यात सांगताना जीभ अडखळली.

२३ मार्च, रविवार

पिस्टन आले! चारही मोजले. एकमेकांत दोन मायक्रॉनचाही फरक नाही. काय सुबक काम! ही बघायला आली, एक हातात घेतला. "एवढा हलका?" मग मनगटावर पालथा ठेवून बघितला, बांगडी बघतात तसा.

६ एप्रिल, रविवार

ब्लॉक तयार. भिंतीशी जागा बावन्न मायक्रॉन. मिस्त्रींनी मापकाट्यावर मला स्वतः बघायला लावलं. पैजेवर मोजा म्हणाले! रिंगा घातल्या, पिस्टन बसवले. शेवटचा आत सरकला तेव्हा ब्लॉकवर हात ठेवून उभा राहिलो. तो कसा बसला ते हाताला कळत होतं.

२० एप्रिल, रविवार

इंजिन गाडीत. पहिल्या फटक्यात चालू! मी उजवा कान लावला, मिस्त्रींनी दोन्ही. "गप्प आहे," म्हणाले. ही दारात उभी होती. तिला विचारलं. "मला तर चालू झालेलंच कळलं नाही." मिस्त्री एवढे खूश झाले की मला मिठी मारली, तेलाच्या हातांनी.

संध्याकाळी हिच्या हातात किल्ली दिली. लायसन्स लग्नाआधीचं आहे, पण गाडी मी कधी दिली नाही. क्लच जड आहे, रस्ते वाईट आहेत, काही ना काही. आता ही चालवणार, मी डावीकडे बसणार. म्हणजे उजवा कान हिच्याकडे. डोकं चालतं अजून माझं!

२१ एप्रिल, सोमवार

हिने चालवली. चांगली चालवते. मी कान टवकारून बसलो, आणि ही गप्प! शाळेच्या अलीकडच्या सिग्नलपर्यंत गप्प.

मग समोर बघतच म्हणाली, "जानेवारीत तुम्हाला विचारलं होतं. इथेच. दोनशे किलोमीटरवरच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बोलावलंय, जाऊ का. तुम्ही 'हं' म्हणालात. मी त्याच दिवशी होकार कळवला. जूनपासून."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न — तोही ऐकला.

म्हटलं, गाडी तू घेऊन जा. सकाळी दोन मिनिटं गरम होऊ दे, लगेच पळवू नकोस. एवढंच सुचलं.