रक्ताच्या पाळ्या

असोदा, १२ मे २०२५

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूल करत नाही, म्हणून लिहिते. आखाजीच्या सणाला माझ्या भूमिकाला रक्त चढवायचं होतं, मला माहेरी येता आलं नाही, तर तुम्ही जीप भरून अख्खं माहेरच जळगावच्या ब्लड बँकेत आणलंत! सगळ्यांनी रक्त दिलं. वय झालं म्हणून तुम्हाला परत पाठवलं, तेव्हा तुम्ही डॉक्टरांशी भांडलात. ते आठवून आम्ही अजून हसतो.

पण आबा, चूक झाली. पोरीला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. आणि एकदा दिलं की माणसाला तीन महिने देता येत नाही. उन्हाळ्यामुळे बँकेतला साठा आटलाय, दाता मिळाला तर आणा म्हणतात. आपले सगळे एकाच दिवशी देऊन बसले. भूमिका फिकी पडलीय, जिन्यात मध्येच बसते. मला फार भीती वाटते.

राहिले युवराजकाका. त्यांना तुम्ही बोलावलंच नव्हतं. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तुमचं चुलतभावाशी बोलणं बंद आहे, माहीत आहे. तरी विचारा ना.

माया आहे तशीच राहू द्या.
मोनाली

नरडाणा, १६ मे

चि. सौ. मोनालीस अनेक आशीर्वाद.

मी भांडलो नाही, मोठ्याने बोललो.

युवराजच्या दारावरून दोनदा पुढे निघून गेलो. शेवटी त्याच्या बायकोनेच, भागाबाईने, खाट टाकली. तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याने ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, बठ्ठा ग्यात, सगळे गेले, मी काय परका शे का?  युवराज सोमवारच्या पॅसेंजरने येतोय. त्याला आधी पोटभर जेवू घाल.

गल्लीत जे आले नव्हते, त्यांच्या आता पाळ्या लावल्यात, विहिरीवर लावतो तशा. सगळे एकदम येणार नाहीत. पोरीला जप.

तुझा आबा

असोदा, २४ मे

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

काकांनी रक्त दिलं. भूमिकालाही चढवून झालं. गालांवर रंग आलाय, माझ्याशी भांडते. तुमच्यावर गेलीय.

तिने काकांना विचारलं, आखाजीला का नाही आलात? ते म्हणाले, आबांनी हाक मारली असती तर सगळ्यांच्या आधी जीपमध्ये बसलो असतो. विहिरीचा विषय त्यांनी काढला नाही. मीच काढते. त्यांना कपाशी लावायचीय आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली तुमच्याकडे आहे.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
मोनाली

नरडाणा, २९ मे

चि. सौ. मोनालीस आशीर्वाद.

रागावलो. मग किल्ली घेऊन युवराजकडे गेलो. मंगळवारची पाळी पुन्हा त्याची. त्याच्या सऱ्यांत पाणी जाताना बघून बरं वाटलं, पण हे त्याला सांगू नकोस.

ऑगस्टमध्ये त्याचे तीन महिने भरतात. भूमिकासाठी तेव्हाची पाळी त्याने आताच मागून ठेवलीय.

तुझा आबा