चाललंय म्हणजे समाधानी

४ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. जानेवारीतली तीन पानांत आटोपली, पण ती नुसती वेळ जावा म्हणून लिहीत होतो. आता काम आहे. वॉर्ड ऑफिसने आमच्या वसाहतीच्या कल्याण-पाहणीसाठी स्वयंसेवक मागितला आणि माझी निवड झाली. दुसरं कोणी पुढे आलं नव्हतं. आलं असतं तरी निवड माझीच झाली असती. आयुष्यभर ऑडिट केलंय.

घरोघरी जाऊन विचारायचं: तब्येत कशी, मन कसं, आणि तळमजल्यावरच्या खोलीत दर मंगळवारी सिस्टर बसतात ती सेवा कशी वाटते. साहेब म्हणाले, ती खोली चालू ठेवायची की नाही ते यावरूनच ठरणार. उघड आहे, चांगले मार्क पडले की राहणार. म्हटलं, साहेब, निर्धास्त राहा, आपली वसाहत पहिली आणतो. ते माझ्याकडे बघतच राहिले. छाप पडली असावी.

संकल्प: पहाटे फिरणं. संध्याकाळनंतर बिस्किटं बंद.

५ मार्च, मंगळवार
फिरायला गेलो नाही. पाहणीसाठी पाय जपायला हवेत.

सिस्टरच्या खोलीत गेलो. मला काही झालेलं नाही. मी देखरेख म्हणून जातो. वेळेवर येतात का, कापसाच्या डब्याला झाकण असतं का, वगैरे. ब्लडप्रेशर नॉर्मल. म्हटलं, दुसऱ्या हाताचंही घ्या, फरक असतो असं वाचलंय. घेतलं. तेही नॉर्मल. सिस्टर म्हणाल्या, काका, आज शर्टाला इस्त्री, काय विशेष? बाईंचं निरीक्षण चांगलं आहे. अहवालात घ्यावं.

ही गेल्यापासून इस्त्री मीच करतो. कॉलर जमत नाही. दुपारी झोपलो.

७ मार्च, गुरुवार
पाहणी सुरू. पहिलं घर तळमजल्यावरच्या वहिनींचं. यांचे यजमान अंथरुणावर आहेत. त्यांच्या पाठीला जखम झाली आहे, ती सिस्टर दर मंगळवारी धुऊन पट्टी बदलून देतात. दारातच विचारलं, काय वहिनी, कसं काय? म्हणाल्या, चाललंय. सिस्टरची सेवा? म्हणाल्या, चाललंय की. आत या म्हणाल्या, पण असं बसत राहिलो तर काम कधी उरकायचं?

शेजारचा शिंपी: चाललंय. वरचे रिटायर्ड ड्रायव्हर: चाललंय, ढकलतोय.

इथे घोडं अडलं. फॉर्मवर खुणेच्या जागा तीनच. समाधानी, असमाधानी, सांगता येत नाही. 'चाललंय'ला जागाच नाही. कोरं सोडणं माझ्या रक्तात नाही. बिस्किटं खाल्ली. विचार करायला लागतात.

८ मार्च, शुक्रवार
सुटलं! चाललंय म्हणजे काय? म्हणजे बंद पडलेलं नाही. घड्याळ चाललंय, पंखा चाललाय, कोणी तक्रार करतं का? तेव्हा नियम: चाललंय म्हणजे समाधानी. एवढी साधी गोष्ट आजवर कोणाच्या डोक्यात कशी आली नाही.

ही मात्र हा शब्द वेगळा वापरायची. मी फार वेळ भिंतीकडे बघत बसलो की स्वयंपाकघरातून ओरडायची, काय चाललंय तुमचं? ते फॉर्ममधे बसणार नाही.

१० मार्च, रविवार
मुलीचा फोन. बाबा, जेवलात का. म्हटलं, पाहणीच्या गडबडीत आहे. म्हणाली, आमच्याकडे येऊन राहा ना थोडे दिवस. म्हटलं, लाइन खराब आहे, आवाज तुटतोय. तुटत असेलही.

ब्रेड खाल्ला. फिरणं उद्यापासून. सोमवार बरा पडतो.

१२ मार्च, मंगळवार
दोन्ही हात नॉर्मल. सिस्टरना नियम समजावून सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, काका, लोकांच्या घरात जरा बसून विचारत जा. उभ्या माणसाला कोण काय सांगणार? त्यांना पाहणीशास्त्राची कल्पना नाही, असू दे. मग म्हणाल्या, तुम्ही नीट जेवता ना? झोप लागते? म्हटलं, चाललंय. यावर त्यांनी माझं मनगट बराच वेळ धरून ठेवलं. नाडी मोजत असाव्यात. घड्याळाकडे बघत नव्हत्या, पण अनुभवाने जमत असेल.

संध्याकाळी सगळे फॉर्म पुरे केले. शेवटी माझा. खूण केली, समाधानी. स्वतःला काय विचारायचं?

१५ मार्च, शुक्रवार
अहवाल दिला. वसाहत शंभर टक्के समाधानी! साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, तुमचा नियम सगळ्या वॉर्डाला लावतो, आमचं काम हलकं झालं.

प्रशस्तिपत्रक येईल. हॉलमधे खिळा ठोकून ठेवला. एकदा अंगठ्यावर बसला, पण फारसं काही वाटलं नाही. हल्ली तसं कशाचंच वाटत नाही. वयाबरोबर सहनशक्ती वाढते.

१९ मार्च, मंगळवार
दोन्ही हात नॉर्मल. पत्रक आलं नाही.

२३ मार्च, शनिवार
आज काही नाही.

२६ मार्च, मंगळवार
खोलीच्या दारावर सूचना लावलेली. रहिवासी समाधानी असल्याने येथील सेवा बंद करण्यात येत असून ती गरजेच्या ठिकाणी हलवण्यात येत आहे. 'समाधानी' ठळक अक्षरात.

सिस्टर सामान आवरत होत्या. म्हटलं, ऑफिसची काहीतरी चूक आहे, आपण तर पहिले आलो. म्हणाल्या, काका, पहिले आलेल्यांचंच बंद होतं. पुलापलीकडच्या वसाहतीत लोकांनी पाहणीवाल्याला दारात उभं करून झाडलं म्हणे. आता खोली त्यांना. मग मी न सांगताच त्यांनी दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर घेतलं. किती आलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, आता यांची पट्टी कोण करणार? म्हटलं, पण तुम्हीच चाललंय म्हणालात. तर हळू आवाजात म्हणाल्या, हे आत जागे होते हो. यांच्या कानावर पडेल असं मी दारात काय बोलणार होते?

वाईट वाटलं. जिना चढेपर्यंत वाटत होतं. वर आल्यावर काही नाही.

२८ मार्च, गुरुवार
ऑफिसात गेलो. साहेबांनी बसवलं, चहा दिला, आणि माझाच नियम मला वाचून दाखवला. मी हटलो नाही. शेवटी म्हणाले, फेरतपासणी लावतो. वसाहतीतल्या एका घरी मंगळवारी फोन येईल, त्या उत्तरावर ठरेल. घर कोणतं? म्हणाले, ज्याने आक्षेप घेतला त्याचंच.

म्हणजे माझं! खेळ आता आपल्या हातात. वहिनींना दारातूनच सांगितलं, मंगळवारपर्यंत काळजी करू नका, मी आहे. त्यांनी दार पूर्ण उघडलं. आत बसलो. वहिनींचे यजमान पडल्या पडल्या माझ्याकडे बघून हसले. खोलीत औषधाचा वास होता. मला इतके दिवस माहीत नव्हतं.

उत्तर तयार केलं: 'असमाधानी. सिस्टर हव्यात.' मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज खणखणीत आहे.

३१ मार्च, रविवार
मुलीचा फोन. वॉर्डाचाच समजून ओरडलो, असमाधानी! ती घाबरली. बाबा, काय झालं? म्हटलं, काही नाही, तालीम. मग म्हणाली, येऊ का मी? म्हटलं, लाइन मोकळी ठेवायची आहे.

२ एप्रिल, मंगळवार
सवयीने इस्त्रीचा शर्ट घातला. खाली गेलो, खोलीला कुलूप. बाकावर बसलो. वहिनींनी खिडकीतून विचारलं, आला का हो फोन? म्हटलं, आज येणार.

दुपारी आला. कोवळ्या आवाजाची मुलगी. कागद समोर होता, चष्मा डोळ्यांवर होता. मी श्वास घेतला. तर ती म्हणाली, आजोबा, कसे आहात?

सिस्टर गेल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. कागदावरची अक्षरं दिसेनात. तोंडातून निघून गेलं, चाललंय.

ती म्हणाली, समाधानी, थँक यू हं. म्हटलं, अहो, थांबा, तसं नाही, मला म्हणायचं होतं… म्हणाली, आजोबा, आम्हाला नियम दिलाय. फोन ठेवला.

कागद अजून तिथेच आहे. अक्षर चांगलं आलंय.

खाली वहिनींना सांगायला हवं. त्या खिडकीतच असतील. शर्ट काढून खिळ्याला टांगला. आता उघड्या अंगाने कसं जाणार? उद्या.