एकाआड एक केक

५ मार्च
आजपासून मी प्रोग्रामर! बायकोचं केकचं दुकान रविवारी उघडतंय. वेबपेज मीच करणार, असं जाहीर केलं. ती म्हणाली, अहो, या दुकानासाठी मी हाडाची काडं केलीत, जमणार नसेल तर आत्ताच सांगा, माझा भाऊ करून देईल. मेहुणा कॉम्प्युटरवाला. म्हणजे प्रश्नच मिटला. मीच करणार.

६ मार्च, सकाळी
केकचे फोटो चढवले. प्रत्येकावर 'लवकरच' अशी लाल पट्टी. रविवारी सगळ्या पट्ट्या एका फटक्यात काढायच्या. त्यासाठी लूप. म्हणजे कॉम्प्युटरनं यादीतल्या एकेका केकपाशी जायचं, पट्टी काढायची, पुढे सरकायचं. हात्तिच्या! यासाठी लोक डिग्र्या घेतात?

दुपारी
लूप चालवून बघितला. पहिल्याची पट्टी गेली, दुसऱ्याची तशीच. तिसऱ्याची गेली, चौथ्याची तशीच. बायकोला सांगितलं, ही डिझाइन आहे, गिऱ्हाइकाची उत्सुकता टिकते. ती फोन घेऊन आत गेली. पटलं असणार.

७ मार्च
पटलं नव्हतं. मेहुण्याचा फोन. म्हणाला, दाजी, यादी पट्टीवाल्या केकची, म्हणून पट्टी काढली की तो केक यादीतून गळतो, मागचा त्याच्या जागी सरकतो, आणि तुमचा लूप तोवर पुढे गेलेला असतो. यादीच्या शेवटाकडून सुरू करा.
शेपटाकडून? मी? थँक्यू म्हणून फोन ठेवला.

८ मार्च
सुचलं! काढायचंच कशाला? प्रत्येक केकची कॉपी करायची, तिच्या पट्टीवर 'आजपासून' लिहायचं, यादीच्या शेवटी जोडायची. जुने मग लपवायचे. काय डोकं आहे माझं! पेजवर टाकूनही दिलं. तपासत बसतात ते कच्चे लोक.

९ मार्च, उद्घाटन
कॉपीसुद्धा केकच निघाली. लूप तिच्यापाशी गेला, तिचीही कॉपी केली. मग त्या कॉपीची. यादी संपेचना, पेज उघडेचना. दारात आलेल्या बाईंचा फोन हँग. बायकोच्या डोळ्यांत पाणी. मेहुण्याला मीच फोन लावला.
चहाला उकळी येईपर्यंत त्यानं पेज सुरू केलं. वर म्हणाला, दाजी, होतं असं. हलकट!
दुकानात ही गर्दी. बायकोनं डोळे पुसले आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. घड्या घाला म्हणाली. मी म्हटलं, अगं, मी प्रोग्रामर आहे.
ती म्हणाली, म्हणूनच तर. एकेक घ्यायचं, घडी घालायची, पुढचं घ्यायचं. मधलं सोडू नका, म्हणजे झालं.