बेडूक रुसलेत, एवढंच

मंगळवार, ४ नोव्हेंबर
सगळ्यात आधी हिलारियाच टपकली, पाहुण्यांच्याही आधी. शेजारीण आहे, तोंडानं 'दोन्या' म्हणून मान देते, पण नाक माझ्याच घरात असतं. म्हणाली, "दोन्या फोर्तुनाता, तुझ्याकडे शहरातले लोक येतायत, बूट घातलेले!" माझ्या घरी कोण येतंय हे मला हिनं सांगायचं.

दोघं आले. सेन्योरिता मिरेया, आणि तिच्याबरोबर उंच इंजिनिअर. बूट घालून सरोवराकाठी जो उतरतो तो आमच्याकडे इंजिनिअरच. सेन्योरितानं विचारलं, "आजी, इथल्या दलदलीत मोठे बेडूक आहेत का?" मला हसूच फुटलं. म्हटलं, पायाखाली येतात मेले! सर्व संतांच्या सणाचे पावाचे बाहुले उरले होते, जरा कडक झालेले, तेच पुढे केले. इंजिनिअरचा दात हलला. आधीपासूनच हलत असणार.

मग सांगून टाकलं. पाऊस लांबला की बेडूक गाडग्यात घालून डोंगरावर न्यायचे. वर ते तहानेनं रडतात, आभाळाला दया येते, पाऊस पडतो. आजी न्यायची, आई न्यायची, आता मान माझा. यंदा बियाण्याचे बटाटे मातीतच सुरकुतायला लागलेत, म्हणून गावानं रविवार ठरवलाय. म्हटलं, या बघायला, हवे तेवढे दाखवते. सेन्योरितानं चक्क माझा हात धरला. किती गुणी पोरगी!

बुधवार, ५
दलदलीत गेले. बेडूक नाहीत. म्हणजे आहेत, पण झोपलेत. लव्हाळ्याच्या मुळाशी हात घातला तर प्लास्टिकची पिशवी आली आणि एक मोजा. मोजा हिलारियाच्या नवऱ्याचा, मी ओळखते. पूर्वी जिथे गुडघाभर पाणी असायचं तिथे आता मेंढरं कोरड्या पायांनी चरतायत. बरंच झालं, बेडूक शोधायला सोपं.
उद्या पहाटे जाणार. नक्की.

गुरुवार, ६
पहाटे जमलं नाही. गुडघा. शिवाय थंडीत बेडकांनाही उठवू नये.
दुपारी पाहुण्यांना ट्राउट तळून घातला, आमच्या नेमेसियोच्या जाळ्यातला. सेन्योरिता खाता खाता म्हणाली, "आजी, हा मासा बाहेरून आणून सोडलाय सरोवरात. बेडकांची पिल्लं खातो." म्हटलं, आमचा नाही खात. आमचा साधा आहे.
नेमेसियो मध्येच, "आई, शेवटचा बेडूक कधी बघितलास?" म्हटलं, परवाच. तर म्हणतो, "परवा म्हणजे माझ्या लग्नात ना?" त्याचा थोरला आता ट्रक चालवतो. पाहुण्यांसमोर आईची अशी टिंगल! लहानपणी याला जास्त लाडावून ठेवलं, दुसरं काय.

शनिवार, ८
आज युक्ती सुचली. बाजारात तेलेस्फोरा बेडकाचा रस विकते, खोकल्यावर, अशक्तपणावर. तिच्याकडे काचेच्या पेटीत बेडूक असायचे. दोन मागून घ्यावे म्हणून गेले. पेटीत कांदे.
म्हटलं, "अगं, मग रस कशाचा देतेस?"
इकडे तिकडे बघून म्हणाली, "मध, गाजर, थोडं मीठ. कुणाला सांगू नकोस. लोक बरे होतायत की!"
मी गेल्या आठवड्यात पेलाभर प्यायले होते. खोकला गेला होता. आता परत आलाय.
काही हरकत नाही. बेडूक रुसलेत, एवढंच. उद्या डोंगरावर गाणं लागलं की येतील आपणहून.

रविवार, ९
सगळा गाव डोंगरावर. बासरीवाले, ढोलवाले, पाहुणे आवाज भरून घ्यायचं यंत्र घेऊन. मी गाडगं पाठीवर, वरून माझी सणाची शाल बांधलेली. आत पाणी होतं. नुसतं पाणी.
वर जाऊन गाडगं ठेवलं. सगळे बेडकांच्या रडण्याला कान लावून. तान्ही पोरंसुद्धा. सगळ्यांचे बटाटे माझ्या त्या गाडग्यात असल्यासारखे बघत होते. मग काय करणार? शालीत डोकं घातलं आणि मीच बेडकासारखी रडले. आधी रडं घशातून काढत होते. मग आईचं गाडगं आठवलं, ते कसं आतून धडका मारायचं, झाकण धरून ठेवावं लागायचं. मग मुद्दाम काढावं लागलं नाही.
हिलारिया जवळ येऊन कानात म्हणाली, "बये, बेडूक नाहीच ना आत?" मला वाटलं, आता गावभर करणार. तर बसली शेजारी आणि तीही लागली ओरडायला. तिचा आवाज मात्र बदकासारखा.
ढग आला. छान काळा. पलीकडच्या गावात पडला.

सोमवार, १०
पाहुणे निघाले. इंजिनिअरनं यंत्रातला कालचा आवाज ऐकवला. म्हणाला, "आजी, हा बेडूक नाही." म्हटलं, वयस्कर बेडूक असेल. हसला नाही.
सेन्योरितानं सांगितलं, शहरात त्यांच्याकडे काचेच्या पेट्यांत बेडूक आहेत, आमच्याच सरोवरातले. पिल्लंसुद्धा झालीत. मी उडालेच! म्हटलं, आणा की मग, गाव आहे, पाणी आहे, मी आहे. तिनं दलदलीकडे बोट केलं. म्हणाली, "आजी, या पाण्यात सोडले तर मरतील. वरच्या शहराची गटारं इथेच येतात." म्हटलं, या पाण्यात मी पोरं धुतलीत. म्हणाली, "तेव्हाचं पाणी वेगळं होतं, आजी."
जाताना मिठी मारली. पुन्हा येणार म्हणून शब्द दिलाय, शुक्रवार, २१ तारीख. बेडूक आणणार नाहीत. रिकाम्या बाटल्या आणणार, पाणी तपासायला न्यायचंय.