आधी आजीकडे बघायचं

भाऊ, तुमच्या पणतूबद्दल, म्हणजे माझ्या नातवाबद्दल लिहायचंय. तुम्ही त्याला पाहिलं नाही. आता पहिलीत गेलाय. रविवारी दुपारी सुनेच्या वाढदिवसाला आम्ही चौघं गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात गेलो. निघण्यापूर्वी मी त्याला वरणभात भरवला. हे माझं जुनंच. मूल उपाशी नेलं की दिसेल ते मागतं, दोन घास खातं आणि बाकीचं ताटात टाकतं. टाकलेलं अन्न मला बघवत नाही. चपला घालताना त्याला बजावलंही, "हट्ट करायचा नाही. कोणी काही विचारलं, तर आधी आजीकडे बघायचं."

शेजारच्या टेबलावर नुसता धुडगूस. एक पोरगं टेबलाखाली, दुसरं सॉसची बाटली घेऊन त्याच्या मागे, आणि त्यांची आई मोबाइलमधून मान वर काढून "अरे, पडशील" म्हणते की पुन्हा मान खाली. आमचा मात्र हाताची घडी घालून बसलेला. जेवणं झाल्यावर वेटर आला, वाकून त्याला म्हणाला, "काय शेठ, लहान मुलांना आमच्याकडून आइस्क्रीम. मँगो देऊ की चॉकलेट?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले नव्हते हो, नुसती बघत होते. तो म्हणाला, "नको काका, पोट भरलंय." शेजारची बाई म्हणाली, "आजी, किती गुणी नातू! आमची माकडं महिनाभर तुमच्याकडे पाठवू का?" मी फुलून गेले. मग सून हळूच म्हणाली, "आई, त्याला हवं होतं. वेटर गेला, त्याच्या पाठीकडे बघत होता तो." आणि नवऱ्याकडे मान करून, "हेही तसेच. अजून मेनूकार्ड माझ्याकडे सरकवतात, म्हणतात, तू सांगशील ते." माझा मुलगा हसला. पण आधी त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हसला.

येताना रिक्षात तुम्ही आठवलात. फुलबाजारात आपल्या झेंडूच्या टोपल्या विकून रिकाम्या झाल्यात आणि तुम्ही मला पहिल्यांदा हॉटेलात नेताय. आई बरोबर नाही, तरी मी तिनं शिकवल्यासारखी, मांडीवर हात ठेवून तुमच्या तोंडाकडे बघत बसलेय. तुम्ही म्हणता, "माझ्या तोंडावर काय लिहिलंय गं? तो भिंतीवरचा फळा वाच." मी अक्षरं जुळवत पुटपुटते. "मोठ्यानं वाच की! घरी तर लय आवाज हाय तुला." मग मी ओरडूनच वाचते, भजी, शेव, जिलबी, आणि गल्ल्यावरचा मालक म्हणतो, "पाव्हणं, मास्तरीण आणली काय बरोबर?" तुम्ही विचारता, "आता यातलं काय पायजे?" जिलबीकडे बोट करताना हात लागून पाण्याचा पेला उपडा होतो, सगळं पाणी तुमच्या धोतरावर. मी रडकुंडीला येते. तुम्ही धोतर झटकता. "पाणीच हाय ना? जिलबी किती, ते सांग." असे तुम्ही होतात, आणि सगळे म्हणायचे, पोरगी बापावर गेली. कुठली हो! डोळ्यांचा धाक मी आईकडून घेतला, आणि तिच्यापेक्षा पक्का चालवला.

संध्याकाळी दिवा लावला, आरती झाली. नातवापुढे प्रसादाचा पेढा धरला. त्यानं देवाला हात जोडले, पण पेढ्याला हात लावला नाही. माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, "आजी, खरंच घेऊ?" देवाचा प्रसाद, भाऊ! तो घ्यायलाही लेकराला माझी परवानगी लागते. "घे रे बाळा," म्हटलं खरं, पण देवापुढे मान वर करवेना. हे सुनेला सांगायला हवं. मुलाला तर कितीतरी आधी सांगायला हवं होतं. ते सोडून तुम्हाला लिहितेय, कारण हे पत्र कुठे टाकायचं नाही आणि तुम्ही काही बोलणार नाही. एवढं मात्र तुमच्यापाशी लपवत नाही. त्यानं विचारलं, तेव्हा आधी मला बरंच वाटलं. वाईट नंतर वाटलं.