गाडी विकणार नाही

प्रिय सामिउ दादा,

ऑकलंडला आता थंडी वाढली असेल. इथे कोलोवाईत सगळे बरे आहेत. तुझा निरोप मिळाला: ‘त्या डबड्यावर आणखी एक पैसा घालू नकोस, भंगारवाल्याला दे आणि मोकळा हो.’ दादा, गाडी विकणार नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण शेवटासाठी ठेवलं तर माझा धीर सुटेल. तुला उलट बोलायची मला सवय नाही, हे तुला माहीत आहे.

तू बोटीने पाठवलीस तेव्हाच तिचं बरंच वय झालं होतं. मासिऊ मिस्तरी म्हणतो, या मधल्या आकाराच्या गाड्यांना आपल्याकडे ठरलेले रोग होतात. रेडिएटर गळतो, खड्ड्यांनी पुढच्या चाकांचे रबरी बुश झिजतात आणि खारा वारा डिकीचा तळ खातो. बुश मी स्वतः बदलले, तीनशे पांगांत भागलं. डिकीला पत्रा ठोकून रंग दिला. मागची काच वर राहत नाही, तिला लाकडाची पाचर मारली आहे. इंजिन थोडं तेल पितं, पण वेळेवर ओतलं की कुरकुरत नाही. हे सगळं मी तुला कळवलं होतं. गिअरबॉक्सचं मात्र कळवलं नाही. तो घसरतो, आणि जुना दुसरा बसवायला मासिऊने अठराशे सांगितले आहेत. आत्याने तुला फोनवर सांगितलं ते खरं आहे. तो कशाने बिघडला, ते तिने सांगितलं नसणार.

मार्चमध्ये आपल्या लूसेआने ताईच्या सासरहून शेजारणीचा फोन आला: ‘तुझी बहीण म्हणते, गाडी घेऊन ये. आजच.’ ताई स्वतः बोलली नाही. असलं भावाशी बोलायचं नसतं. रेडिएटर तेव्हाही गळत होता, पण मी बेटाच्या त्या टोकापर्यंत गेलो. ती मागे बसली, मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन. आरशात मला तिचा काळानिळा दंड दिसला. मी आरसा छताकडे फिरवला. आणखी पाहिलं असतं तर गाडी वळवली असती, आणि मग तू मला तुरुंगात पत्रं पाठवली असतीस. तिचा दीर मोटारसायकलवरून मागे लागला होता. काटा लाल खुणेवर गेला तरी मी पाणी घालायला थांबलो नाही. रेडिएटर तापला की गिअरबॉक्सचं तेलही शिजतं. मला ते माहीत होतं, दादा.

पुढे एकदा ती आईला म्हणाली, ‘फेलेतीला विचार, मला गाडी शिकता येईल का?’ मी शिकवली. तिच्या शेजारी बंद गाडीत बसणं बरं दिसत नाही, म्हणून चर्चच्या मैदानावर ती गाडीत आणि मी खिडकीबाहेर धावत. ‘ब्रेक, ताई, ब्रेक!’ कुंपणावर बसलेली मंडळी ओरडायची, ‘अरे फेलेती, पेट्रोल संपलं का तुझं? गाडी तर पुढे गेली!’ हसू देत. इंजिन गरम झाल्याशिवाय मागचा गिअर नीट लागत नाही, हे ताईने माझ्यापेक्षा लवकर ओळखलं. आता ती गावातल्या बायकांना आणि त्यांच्या टोपल्यांना नुकुआलोफाच्या बाजारात नेते. गिअरबॉक्सचे अर्धे पैसे तिच्या भाड्यातून जमलेत.

रविवारी चर्चनंतर आम्ही जेवत होतो, तेव्हा आतेलाइते आत्या आली. म्हणाली, ताईच्या सासरचे चटया आणि डुक्कर घेऊन माफी मागायला येणार आहेत, तिने मुकाट्याने परत जायचं. आणि गाडी आत्याला द्यायची, ती भंगारात काढून त्यांचा पाहुणचार करायचा. बाबा होते तोवर आत्याने मागितलेलं त्यांनी कधी नाकारलं नाही. आई खाली मान घालून बसली होती. मी उठलो नाही, कारण आत्यापुढे उंच व्हायचं नसतं. बसूनच म्हणालो, ‘आत्या, तू बाबांची बहीण, म्हणून त्यांचं सगळं तुझं. मग ताई आमची बहीण. ज्या हक्काने तू मागतेस, त्याच हक्काने ही गाडी आधीच तिची झाली. उद्या माझ्या पोरांची आत्या तीच असेल. तिला मी मार खायला पाठवणार नाही.’

आत्या म्हणाली, ‘शाळेत मास्तरांपुढे तोंड उघडत नव्हतं तुझं. माझ्यापुढे बरं उघडलं!’

‘हो, आत्या,’ मी म्हणालो. शब्द फिरवला नाही. ती न जेवता गेली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. कागदावर गाडी अजून तुझी आहे. आत्या तुला पुन्हा फोन करेल, रडेल, बाबांचं नाव काढेल. त्याआधी सोबतच्या कागदावर सही कर आणि गाडी लूसेआने ताईच्या नावावर कर. ती तुझीही बहीण आहे. सही केली नाहीस तरी चावी मी कोणाला देणार नाही. आत्याला नाही, भंगारवाल्याला नाही आणि, माफ कर, तुलाही नाही. सासरचे येतील तेव्हा आम्ही त्यांना बसवू, पोटभर जेवू घालू, त्यांची माफी शेवटपर्यंत ऐकून घेऊ. ताई कुठे आहे असं त्यांनी विचारलं, तर सांगेन, ती बाजाराच्या फेरीवर गेली आहे, आणि संध्याकाळी ती इथेच परत येणार आहे.

तू रागावलास तरी तुझाच,
फेलेती